स्वाराचें वजन आणि मोटरसायकलची स्प्रिंग

एकत्र कुटुंबांत एकच मोटरसायकल अनेकांच्या उपयोगी पडते. सकाळीं ५५ किलो वजनाचा पुतण्या तीवरून कॉलेजास जातो, दुपारीं ९० किलो वजनाचे काका कचेरीच्या कामास निघतात आणि सायंकाळीं आजीला मागें बसवून कोणी दवाखान्यांत नेतो. आरसा व टायरची हवा जो तो पाहतो. परंतु मागच्या स्प्रिंगेकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं.

स्प्रिंग भाराच्या प्रमाणांत दबते, हा नियम रॉबर्ट हूक यानें १६७८ सालीं प्रसिद्ध केला. तेव्हां एकट्या स्वारास बेताची बसविलेली स्प्रिंग दोघांस पुरत नाहीं, हें उघड आहे. ती फार दबली, तर खड्ड्यांत तळास आपटते आणि तो हिसका थेट मागें बसणाऱ्याच्या कण्यास जाणवतो. शिवाय मागची बाजू खचून पुढचा दिवा वर रोखला जातो व समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. उलट ती फारच थोडी दबली, तर खड्ड्यांत उतरण्यास चाकाला वाव उरत नाहीं. तें रस्ता सोडतें, आणि ब्रेक लावते वेळीं हेंच घातक ठरतें.

मोजमाप सोपें आहे. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मागचें चाक अधांतरीं करावें आणि चाकाच्या आंसापासून सरळ वर बैठकीखालच्या एखाद्या खुणेपर्यंतचें अंतर मोजावें. मग गाडी स्टँडवरून उतरवून स्वारानें नेहमींप्रमाणें बसावें. एकानें गाडी सरळ धरावी व दुसऱ्यानें तेंच अंतर पुन्हां मोजावें. दोहोंतील फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या चतुर्थांश ते तृतीयांश असावा. हालचाल १०० मिलिमीटर असेल, तर २५ ते ३३ मिलिमीटर ठीक.

पुष्कळ गाड्यांच्या स्प्रिंगेस पायऱ्यांचें कडें असतें. तें आंकड्याच्या पान्यानें फिरवितां येतें. दोन स्प्रिंगा असल्यास दोन्हींस पायरी सारखीच ठेवावी. कडें फिरविल्यानें स्प्रिंग अधिक कडक होते, हा समज मात्र खरा नव्हे. ती आधींच थोडी आवळली गेल्यामुळें गाडीची मागची बाजू वर राहते, एवढेंच. शेवटच्या पायरीवरही ती फार दबत असेल, तर अधिक कडक स्प्रिंग बसविणें हाच उपाय.

आजीला नेतांना औषधाच्या चिठ्ठीबरोबर या पान्याचीही आठवण ठेवावी, आणि परत आल्यावर पायरी पूर्ववत् करावी. दोन मिनिटांचें हें काम आहे. म्हाताऱ्या पाठीस त्याचें मोल पुष्कळ.