सत्तावीस ज्योतिषी, दोनशे पत्रिका

काय-स्क्वेअर ही संख्याशास्त्रीय कसोटी शिकवताना उदाहरणं येतात ती सिगारेट आणि कर्करोगाची. आपल्याकडे याहून रंगतदार उदाहरण घडून गेलंय आणि मला त्याचं जुनं वेड आहे: 2008 सालची ज्योतिषाची चाचणी.

विद्यापीठांत ज्योतिषाचे अभ्यासक्रम काढण्यावरून 2001 साली पेटलेला वाद तेव्हा पुरता विझला नव्हता. चौघे एकत्र आले: खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, ज्योतिषाचे चिकित्सक प्रकाश घाटपांडे आणि साताऱ्याचे नरेंद्र दाभोलकर. मिरजेत डॉक्टर झालेल्या दाभोलकरांकडे अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या (अंनिस) कार्यकर्त्यांची फौज होती. तिने 100 हुशार आणि 100 बौद्धिक दिव्यांग मुलांच्या जन्मवेळा गोळा केल्या. प्रत्येक ज्योतिष्याला त्यांतल्या 40 पत्रिका मिळणार. मूल कोणत्या गटातलं, एवढंच सांगायचं. बहिष्काराची आवाहनं झाली. तरी 51 जणांनी पत्रिका मागवल्या. उत्तरं 27 जणांनी पाठवली.

आता तक्ता मांडा. आडवं ज्योतिष्याचं मत, उभं वास्तव, चार घरं. दोन्हींचा संबंधच नसेल तर 40 पैकी साधारण 20 बरोबर येणार. प्रत्यक्ष आणि अपेक्षित आकड्यांतल्या फरकाचा वर्ग अपेक्षिताने भागायचा, मग बेरीज. कार्ल पिअर्सनने 1900 साली दिलेली कृती एवढीच. बेरीज 3.84 च्या वर गेली, तर निव्वळ योगायोगाने तसं होण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी.

सर्वांत चांगला निकाल होता 24. बरोबर 24, चूक 16, बेरीज 1.6. तरीही या पठ्ठ्याचं कौतुक करायला कुणी धजावेल, म्हणून मी उलटा हिशेब केला. 27 जणांनी नुसतं नाणं उडवलं असतं, तर 24 किंवा अधिक गुण मिळवणारे तीन-चार निघाले असते. निघाला एकच!

सरासरी तर 20 च्याही खाली. मग सगळ्यांची उत्तरं एकत्र करून ‘ज्योतिष उलटं चालतं’ असं सिद्ध करावं का? मोह होतो, पण इथे कसोटीची अट आडवी येते: नोंदी एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. सत्तावीस गुणिले चाळीस म्हणजे 1080 उत्तरं, पत्रिका मात्र 200. सरासरीने एकेक पत्रिका पाचजणांच्या हाती गेलेली. बुद्धी पाहण्याचे पंचमस्थान, बुध, चंद्र यांचे नियम सगळ्यांनी जवळपास त्याच ग्रंथांतून घेतलेले. एक चुकला की त्याच पत्रिकेवर बाकीचेही चुकण्याचा संभव. ही 1080 मतं सुटी धरणं म्हणजे एकाच घरातल्या पाचजणांना विचारून गावाचा कौल सांगणं.

मला सर्वांत आवडतो तो दुसरा निकाल. मार्च 2009 च्या ‘करंट सायन्स’मधल्या शोधनिबंधात तो आहे. ज्योतिषाच्या एका संस्थेने सगळ्या 200 पत्रिका तपासायचं मान्य केलं होतं. इथे प्रत्येक पत्रिका एकदाच, त्यामुळे तक्ता निर्धास्तपणे मांडता येतो. बरोबर आल्या 102. बेरीज 0.08. 3.84 चा उंबरठा ओलांडायला 114 लागल्या असत्या.