इंजिन स्टँडवर चढवताना बोल्ट कोणता?

खरीप तोंडावर आला की अकोला-अमरावतीकडच्या गॅरेजांत ट्रॅक्टरची इंजिनं उतरू लागतात. स्टँडवर घेतलेलं इंजिन हवं तसं फिरवता येतं, पण त्याचा सगळा भार चार बोल्टांवर असतो.

हा भार कसा येतो? समजा, इंजिन 200 किलोचं आहे. त्याचा गुरुत्वमध्य स्टँडच्या प्लेटपासून 40 सेंटिमीटर पुढे आहे आणि वरच्या-खालच्या बोल्टांत 20 सेंटिमीटर अंतर आहे. इंजिन पुढे झुकू पाहतं आणि वरच्या दोन बोल्टांवर मिळून 400 किलोची ओढ येते, वजनाच्या दुप्पट! म्हणून एकमेकांपासून जास्तीत जास्त दूरची भोकं निवडावीत.

बोल्टच्या डोक्यावर 8.8 किंवा 10.9 हवं. 8.8 म्हणजे दर चौरस मिलिमीटरला 800 न्यूटनपर्यंत न तुटणारा, पण त्याच्या 80 टक्क्यांवर कायमचा ताणला जाणारा. कोऱ्या डोक्याचा किंवा भंगारातला बोल्ट नको. 8.8 चा एम-10 बोल्टही तीन टनांची सरळ ओढ पेलतो. तेव्हा खरी भीती असते ती ब्लॉकमधले आटे निघण्याची आणि बोल्ट वाकण्याची.

दुकानात '19 नंबरचा बोल्ट' मागितला तर फक्त पान्याचं माप कळतं, आट्यांचं नाही. 19 च्या पान्याच्या एम-12 चे आटे 1.75, 1.5 किंवा 1.25 पिचचे असू शकतात. ब्लॉकमधून काढलेला मूळ बोल्ट नमुन्याला न्यावा. नवा बोल्ट भोकात बोटांनीच फिरला पाहिजे. अडला तर पान्याने रेटू नये.

आता लांबी. बिडाच्या ब्लॉकमध्ये बोल्टच्या जाडीच्या दीडपट आटे बसावेत, ॲल्युमिनियममध्ये दुप्पट. एम-12 ला बिडात 18 मिलिमीटर लागतात. बोल्ट ज्यातून जातो तो स्टँडचा हात 50 आणि वॉशर 3 धरला तर बेरीज 71 होते, म्हणून 75 चा बोल्ट घ्यावा. तो 22 मिलिमीटर आत जाईल, तेव्हा भोक त्याहून खोल हवं. बोल्ट तळाला टेकला तर पाना घट्ट लागतो, पण हात सैलच राहतो.

फ्लायव्हील आधी काढावं. इंजिन चेन कप्पीवर असतानाच चारही हात ब्लॉकला सपाट टेकवून बोल्ट आवळावेत. फट राहिली की बोल्ट वाकतो. स्टँडची क्षमता इंजिनाच्या वजनापेक्षा जास्त असल्याची खात्री करावी. मगच साखळी हळूहळू सैल सोडावी, आणि ती पूर्ण सुटेपर्यंत इंजिनाखाली कुणी हात घालू नये.