जुन्या संगणकाला रॅम घालताना

पोलादपूरच्या वाड्यांतून महाडला कॉलेजात येणाऱ्या आमच्यापैकी पुष्कळांच्या घरी संगणक असलाच, तर तो मुंबईच्या काकांनी किंवा मामाने नवा घेतल्यावर गावी पाठवून दिलेला असतो. वय बारा-पंधरा वर्षे, रॅम दोन जीबी. प्रकल्पाचे टंकलेखन चालू असताना शेजारी शिष्यवृत्तीच्या अर्जाचे पान उघडले, की तो मान टाकतो. नवा घेणे परवडत नाही. रॅम वाढवणे हाच त्यातल्या त्यात स्वस्त उपाय. मात्र पट्टी चुकली तर तेवढेही पैसे पाण्यात जातात, कारण जुना सुटा माल दुकानदार सहसा परत घेत नाहीत. मी मराठी वाङ्मयाचा विद्यार्थी. तरी मित्रांच्या चार-पाच यंत्रांची पोटे उघडून जे समजले ते मांडतो.

हार्ड डिस्क हे फडताळ मानले, तर रॅम हे आपल्या पुढ्यातले मेज होय. फडताळात शेकडो पुस्तके मावतील, पण एका वेळी उघडून ठेवता येतील ती मेजावर मावतील तेवढीच. मेज अपुरे पडले की दर वेळी उठून फडताळापाशी जावे लागते. यंत्र अडखळते ते यामुळे.

रॅमच्या पिढ्या असतात. डीडीआर २ ला १.८ व्होल्ट लागतात, डीडीआर ३ ला १.५ आणि डीडीआर ४ ला १.२. पहिल्या दोहोंच्या कडेला २४० सोनेरी टोके, तिसरीला २८८. खालची खाच प्रत्येकीची निराळ्या जागी असते, त्यामुळे एका पिढीची पट्टी दुसरीच्या स्लॉटमध्ये बसतच नाही. लॅपटॉपची पट्टी तर आखूडच. इथवर सारे सोपे आहे.

खरा घोटाळा पुढे आहे. खाच जुळली म्हणजे पट्टी चालणारच, असा सार्वत्रिक समज आहे. तो खरा नव्हे. एका मित्राच्या मदरबोर्डवर इंटेलचा जी ४१ हा चिपसेट होता. त्याने आणलेली चार जीबीची डीडीआर ३ पट्टी स्लॉटमध्ये चपखल बसली, पण पडदा काळाच राहिला. पट्टी मुळीच बिघडलेली नव्हती. तिच्यावर आठ काळ्या चिपा होत्या, म्हणजे प्रत्येकीत ५१२ एमबी. जी ४१ ला एका चिपेत २५६ एमबीच्या वर पेलत नाही. त्याला चार जीबी हवे असतील तर सोळा चिपांची, दोन्ही अंगांनी भरलेली पट्टी लागते. लेबलवर '२ आर एक्स ८' असे छापलेले असते. तीच आठ चिपांची पट्टी दुसऱ्याच्या एच ६१ बोर्डावर पहिल्या झटक्यात चालली.

नुसत्या चिपा मोजूनही भागत नाही. बाजारात 'फक्त एएमडीसाठी' म्हणून स्वस्त पट्ट्या मिळतात. त्यांवरही सोळा चिपा असतात, पण आतली मांडणी वेगळी, म्हणून इंटेलच्या बोर्डावर त्या चालत नाहीत. सर्व्हरमधून काढलेल्या 'रजिस्टर्ड' पट्ट्यांचेही तेच. फारच स्वस्त मिळाली तर आधी लेबल वाचावे.

तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी बोर्डाचे नाव टिपून घ्यावे. ते बोर्डावरच छापलेले असते. झाकण उघडायचे नसेल तर सीपीयू-झेड हा फुकट मिळणारा प्रोग्राम ते सांगतो. त्या नावावरून माहितीपुस्तिकेत कमाल रॅम पाहावी: जी ४१ ला ८ जीबी, एच ६१ ला १६. लेबलवरचा पीसी३-१०६०० हा आकडा पाहून बिचकू नये. १३३३ च्या वेगाला एका खेपेच्या आठ बाइटांनी गुणले की साधारण तोच येतो. दोन वेगांच्या पट्ट्या एकत्र चालल्याच, तर दोन्ही हळू पट्टीच्या चालीने चालतात. शक्यतो समान क्षमतेची जोडी घ्यावी. आणि विंडोज ३२ बिटांची असेल तर चार जीबीच्या वरचा खर्च सर्वस्वी व्यर्थ.

आपल्याकडचा पाऊस हे आणखी एक प्रकरण. दमट हवेने सोनेरी टोकांवर मळ चढतो. वीज बंद करून, वायर काढून, ती खोडरबराने हलकेच पुसली की कित्येकदा 'मेलेली' पट्टी उठून बसते. मात्र २०२१ च्या जुलैतल्या महापुरासारख्या पाण्यात भिजलेल्या यंत्रातली हिरवट पडलेली पट्टी कोणी देऊ केली, तर फुकटही घेऊ नये.