हात गेला, किती टक्के?

कोर्टात बघण्यासारखं काही असेल तर खुनाचा खटला, असं लोकांना वाटतं. माझा जीव मात्र अपघाताच्या क्लेममध्ये अडकलेला. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, वकिलांच्या बोलीत एमएसीटीत, डॉक्टर साक्षीला उभे राहतात आणि विमा कंपनीचा वकील शांतपणे विचारतो, ‘‘डॉक्टर, हे ३० टक्के अपंगत्व पायाचं की अख्ख्या शरीराचं?’’ पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात मागच्या बाकावर बसून हा प्रश्न मी अनेकदा ऐकलाय. दरवेळी अर्जदाराच्या वकिलाचा चेहरा बघतो. तयारी झाली आहे की नाही, ते तिथेच कळतं.

कायदा उरकून घेऊ. १९८८ चा मोटार वाहन कायदा, कलम १६६. दावा अपघात घडला तिथे, जखमी राहतो किंवा धंदा करतो तिथे, नाहीतर प्रतिवादी राहतो तिथे लावता येतो. म्हणजे कर्नाटकात धडक बसलेल्या सातारकराला साताऱ्यातच दावा लावता येतो. १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत आली. ठोकून पळालेली गाडी सापडलीच नाही, तर वेगळी योजना आहे: मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार. झालं.

आता माझा लाडका विषय. २०१० साली सर्वोच्च न्यायालयात न्या. आर. व्ही. रवींद्रन यांनी एक निकाल दिला, त्यात डावा हात गमावलेल्या माणसाचं उदाहरण आहे. डॉक्टरी हिशेबाने अपंगत्व साधारण ६० टक्के. पण तो सुतार किंवा ड्रायव्हर असेल तर कमाई जवळजवळ पूर्णच गेली. सरकारी कारकून असेल तर नोकरी शाबूत राहू शकते. हाड तेच, कापलेली जागा तीच, नुकसान वेगळं!

आकडे मांडून बघा. ३४ वर्षांचा सुतार, महिन्याला १५ हजार. वर्षाचे १ लाख ८० हजार. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरायचे, हे २०१७ च्या ‘प्रणय सेठी’ निकालाने ठरवलं. झाले २ लाख ५२ हजार. आता गुणक, म्हणजे वर्षाच्या रकमेला ज्याने गुणायचं तो आकडा. ३१ ते ३५ वयाला १६, हा २००९ च्या ‘सरला वर्मा’मधला तक्ता. (तो निकालही रवींद्रन यांचाच. या माणसावर कुणीतरी मराठीत पुस्तक लिहायला हवं.) एकूण ४० लाख ३२ हजार. मृत्यूच्या दाव्यात मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी वजावट होते, जिवंत जखमीच्या दाव्यात ती करायची नसते. आता याचे ६० टक्के धरले तर २४ लाख १९ हजार २०० होतात. शंभर टक्के धरले तर १६ लाखांहून जास्त फरक पडतो. आणि तो फरक एका साक्षीवर ठरतो: हा माणूस रंधा कसा धरायचा, हे कोर्टाला कुणी सांगितलं का?

म्हणून वकील निवडताना मी एकच गोष्ट बघायला सांगतो. पहिल्या भेटीत तो ‘‘पॉलिसी कुठली?’’ एवढंच विचारतो, की ‘‘काम काय करायचात, कुठल्या हाताने?’’ हेही? उपचार करणाऱ्या डॉक्टरलाच साक्षीला आणणार, की कुठूनतरी मिळवलेल्या दाखल्यावर भागवणार? असे आयते दाखले कोर्टाने जपून बघावेत, असं त्याच २०१० च्या निकालात म्हटलंय. आणि वॉर्डात खाटेशी येऊन वकीलपत्रावर अंगठा मागणारा एजंट दिसला, तर त्याला चहासुद्धा विचारू नका. केस धरण्यासाठी दलाल नेमायला बार कौन्सिलच्या नियमांची मनाई आहे.

फीचं म्हणाल तर ‘‘जिंकल्यावर वीस टक्के द्या’’ हे कोर्टाच्या व्हरांड्यात सर्रास ऐकू येतं, आणि ते बेकायदा आहे. निकालाच्या रकमेत वाटा मागणं हे गैरवर्तन, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पुन्हा बजावलं. ते प्रकरण अपघाताच्या दाव्याचंच. तेलंगणातल्या एका विधवेकडून वकिलाने आधी घेतलेल्या फीवर आणखी रकमेचा चेक घेतला होता. तो वटला नाही म्हणून त्याने तिच्यावरच केस केली. कोर्टाने ती रद्द केली. तेव्हा फी ठराविक रकमेत आधी ठरवा, कागदावर लिहून घ्या, दर हप्त्याची पावती मागा. आणि सहीचा कोरा चेक द्यायचाच नाही, वकील गावातला असो की नात्यातला.