‘भीती वाटते’ म्हणजे नक्की कशाची?

जुन्नर-आंबेगावच्या गावांत बचत गटाच्या बैठका घेताना आम्ही एक वाक्य फार ऐकतो, “काही नाही ताई, असंच जरा कसंतरी होतंय.” एवढं बोलून बाई पासबुक पुढे करते आणि विषय संपतो. मानसोपचार करणाऱ्यांचं काम मात्र अशा वाक्यापासूनच सुरू होतं. ते कसं, हे आज पाहू.

समजा, एखादी म्हणाली, “घराबाहेर पडायची भीती वाटते.” आपल्याकडे ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे. माणिकडोहला तर बिबट्यांचं निवारा केंद्रच आहे. त्यामुळे आपण लगेच धरून चालतो, की ही बिबट्याची भीती. समुपदेशक असा स्वतःहून अर्थ लावत नाहीत. ते विचारतात, “कशाची भीती? कोणत्या वेळी? कुणी सोबत असलं की कमी होते का?” उत्तर आलं, “अंधार पडल्यावर उसाच्या कडेनं येताना,” तर बॅटरी आणि सोबत हवी. “वाटेत एक माणूस अडवतो,” तर पोलीस हवेत. “भर दुपारी नारायणगावच्या बाजारातही छाती धडधडते, आता मरतेच असं वाटतं,” तर डॉक्टर हवेत. शब्द एकच, पण वाटा तीन.

आपल्या बोलण्यात असे झाकलेले शब्द पुष्कळ असतात. “लोक नावं ठेवतात.” लोक म्हणजे कोण? विचारलं तर कधी कधी दोनच नावं निघतात. “मला घरात कुणी विचारत नाही.” म्हणजे जेवलीस का, असं विचारत नाही, की पैशाचा निर्णय घेताना विचारत नाही? “तो कधीच ऐकत नाही.” एकदाही ऐकलं नाही का? ऐकलं असेल, तर तेव्हा काय वेगळं होतं? ही बाई खोटं बोलत नसते. दुःख मोठं असलं की शब्दही मोठे होतात.

तसाच एक शब्द म्हणजे ‘पाहिजेच’. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास यावर उपचारपद्धत उभी केली. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी ती विवेकनिष्ठ मानसोपचार या नावानं मराठीत समजावून सांगितली. “सासूनं मला चांगलं म्हटलंच पाहिजे,” हा हट्ट झाला. “म्हटलं तर बरं वाटेल,” ही इच्छा झाली. इच्छा पुरी झाली नाही तर वाईट वाटतं, पण हट्ट मोडला की माणूस कोलमडतो. पण लक्षात ठेवा, नवरा मारत असेल, तर तिथे “तुझा विचार बदल” असं सांगायचं नाही. “ते जरा बोलतात,” असं कुणी म्हटलं तर हळूच विचारा, “नुसतं बोलतात, की हातही उचलतात?” महिलांसाठी 181 आणि तातडीची वेळ आली तर 112 हे नंबर आहेत.

सगळ्यात जपून ऐकायचं वाक्य म्हणजे “जिवाचा कंटाळा आलाय.” कधी तो नुसता थकवा असतो, कधी नसतो. तेव्हा सरळ विचारावं, “जीव द्यायचा विचार मनात येतो का?” विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर “हो” आलं, तर तिला एकटं सोडू नका. घरातलं औषध-फवारणीचं सामान तिच्या हाती लागणार नाही असं ठेवा आणि तिच्यासोबत दवाखान्यात जा. 14416 हा सरकारचा टेलिमानस नंबर फुकट आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीतही बोलता येतं.

आपण काही डॉक्टर नाही, आपलं काम ऐकण्याचं. म्हणून चार गोष्टी पाळू. भर बैठकीत विचारायचं नाही, बाजूला बसून विचारायचं. आधी पुरतं ऐकायचं, मग एकच प्रश्न. “का गं असं करतेस?” हा प्रश्न दोष दिल्यासारखा लागतो, त्यापेक्षा “काय झालं? कधी? कुणी?” हे बरे. आणि ऐकलेलं गावभर करायचं नाही. जिवाला धोका असेल, तेव्हा मात्र मदत करू शकेल अशा माणसाला सांगायचंच.

पुढच्या बैठकीत कुणी “असंच” म्हणालं, तर वही मिटून तिच्याजवळ दोन मिनिटं बसा.