खरं इंजेक्शन कुणाला?

दोस्तहो, पिकावर नवं औषध फवारायचं असलं की हुशार शेतकरी काय करतो? सोयाबीनची चार तासं न फवारता सोडतो. रान तेच, बी तेच, पाऊसही तोच. मग रास करताना फरक कळतो. धाराशिव जिल्ह्यातल्या मुलांना हे वेगळं सांगायला नको! असाच पडताळा ब्रिटनमध्ये डोळ्यांच्या एका आजारासाठी घेतला गेला. त्यात होती ९० मुलं.

काही मुलांना लहानपणीच संधिवात होतो. गुडघा सुजतो, सकाळी पाय आखडतो. त्यातल्या काहींच्या डोळ्यांनाही आतून सूज येते. तिला युव्हिआयटिस म्हणतात. ही सूज मोठी लबाड! बऱ्याचदा डोळा लाल होत नाही, दुखतही नाही. कळेपर्यंत नजर अधू झालेली असते. स्टेरॉइडच्या थेंबांनी सूज उतरते. पण ते फार दिवस घातले, तर मोतीबिंदू किंवा काचबिंदू होऊ शकतो.

सूज वाढवणाऱ्या टीएनएफ नावाच्या पदार्थाला अडवणारं एक इंजेक्शन आहे, अडॅलिमुमॅब. घाबरू नका, ते डोळ्यात नाही, मांडीच्या किंवा पोटाच्या कातडीखाली देतात! पण या डोळ्यांना त्याचा खरंच उपयोग होतो का?

हे शोधण्यासाठी २०११ साली डॉ. रामनन आणि डॉ. बेरेसफोर्ड यांची ‘सिकॅमोर’ चाचणी सुरू झाली. मेथोट्रेक्सेट हे नेहमीचं औषध सगळ्याच मुलांना चालू होतं. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी झाली. ६० मुलांना खरं इंजेक्शन, ३० जणांना तसंच दिसणारं, पण औषध नसलेलं. कुणाला कोणतं, हे मुलांना ठाऊक नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नाही! ठाऊक असतं, तर मन आधीच एका बाजूला झुकलं असतं.

“मग त्या ३० जणांवर अन्यायच की!” असं तुम्ही म्हणाल. म्हणून तर आकड्यांवर सतत लक्ष होतं. फरक स्पष्ट दिसताच चाचणी वेळेआधी थांबवली. २०१७ साली निकाल छापून आला. औषध नसलेल्या ३० पैकी १८ जणांचे उपचार फसले होते. खऱ्या इंजेक्शनच्या ६० पैकी फक्त १६ जणांचे. मात्र दुष्परिणाम खऱ्या इंजेक्शनने जास्त झाले. तेही निकालात लपवलं नाही.

त्या ९० जणांनी सुया टोचून घेतल्या, म्हणून आज इतर मुलांची नजर वाचते.

पालकहो, मुलाला संधिवात असेल, तर डोळे लाल नसले तरी नेत्रतज्ज्ञांकडून नियमित तपासून घ्या. लाली दिसायची वाट पाहू नका!