भाषेतील मोकळी दारे : स्टँडर्ड लायब्ररीतील ‘हूक’ या योजनेचा विचार

बेलापूरच्या परिसरात प्रवरेच्या कालव्याचे पाणी उसाच्या सऱ्यांत वळविण्याच्या कामास ‘दारे धरणे’ म्हणतात. कालव्याचा मार्ग, उतार व बांध ही अभियंत्याने ठरविलेली असतात. शेतकऱ्याने बांध फोडावयाचा नसतो. परंतु पाणी ठरावीक तोंडातून शेतात आले, की ते कोणत्या सरीत सोडावयाचे हा निर्णय त्याचा. संगणकीय भाषांच्या स्टँडर्ड लायब्ररीत आढळणारी ‘हूक’ ही योजना नेमकी अशीच आहे. भाषेच्या कर्त्याने काही निर्णय स्वतः न घेता, प्रोग्रॅम चालू असताना दुसऱ्याने घ्यावेत म्हणून जाणूनबुजून मोकळी ठेवलेली जागा म्हणजे हूक. ‘आकडा’ हा मराठी पर्याय सुचतो खरा. पण गणिताच्या संदर्भात तो संख्यावाचक ठरून घोटाळा करील, म्हणून रूढ शब्दच बरा.

पायथन भाषेतील ‘सिस.एक्सेप्टहूक’ हे याचे ठळक उदाहरण होय. समजा, विद्यार्थ्याने साखर उतारा काढण्याचा प्रोग्रॅम लिहिला आणि उसाचे वजन चुकून शून्य दिले. भागाकार अडतो, इंग्रजीत त्रुटीचा संदेश उमटतो व प्रोग्रॅम थांबतो. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याची वाट पुष्कळदा येथेच अडते. चूक गणिताची असते, परंतु तो अडखळतो परभाषेपाशी. या हुकाच्या जागी शिक्षकाने आपले फंक्शन बसविले, तर त्यास त्रुटीचा प्रकार, त्रुटीची वस्तू आणि ती घडल्याचा माग अशा तीन गोष्टी मिळतात. त्यांवरून ‘उसाचे वजन शून्य आहे का, ते पाहा’ असे मराठीत सांगता येते. भाषेचा गाभा मात्र अबाधित राहतो.

तथापि या स्वातंत्र्यास मर्यादा आहेत. हा हूक केवळ न हाताळलेल्या त्रुटींसाठीच बोलाविला जातो. तो वृत्त बदलतो, परिणाम नव्हे; प्रोग्रॅम थांबावयाचा तो थांबतोच. समांतर चालणाऱ्या ‘थ्रेड’मधील त्रुटी त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत, त्यांसाठी २०१९ सालच्या पायथन ३.८ मध्ये निराळा हूक देण्यात आला.

याहून महत्त्वाची अडचण सामायिकतेची आहे. ही जागा एकच असते. दुसऱ्या लायब्ररीने तेथे आधीच आपले फंक्शन बसविले असेल, तर नवे फंक्शन त्यास निमूटपणे हुसकावून लावते. म्हणून आधीचे फंक्शन जपून ठेवावे आणि आपले काम संपताच त्यास बोलवावे, हा शिष्टाचार आवश्यक ठरतो. सी भाषेतील ‘अ‍ॅटएक्झिट’ची रचना निराळी आहे : तेथे किमान ३२ फंक्शने नोंदविता येतात आणि शेवटी नोंदलेले प्रथम चालते.

सामायिक जागेतून उद्भवणारा संघर्ष भाषांतराच्या प्रांतातच विशेष स्पष्ट दिसतो. पायथनची ‘गेटटेक्स्ट’ लायब्ररी भाषांतराच्या फंक्शनास अधोरेषा हे एकाक्षरी नाव सर्वत्र उपलब्ध करून देऊ शकते. संवादी सत्रात ‘सिस.डिस्प्लेहूक’ हा हूक प्रत्येक उत्तर दाखवून त्याच नावाखाली साठवितो. परिणामी एखादी बेरीज करताच भाषांतराचे फंक्शन नाहीसे होते आणि त्या नावाखाली एक संख्या उरते. यावर उपायही हुकाचाच : त्या नावास न शिवणारे आपले फंक्शन डिस्प्लेहूकच्या जागी बसवावे.

तात्पर्य, हूक ही नुसती सोय नव्हे. तो भाषेचा कर्ता आणि तिचा वापर करणारा यांच्यातील करार आहे. मराठीतून प्रोग्रॅमिंग शिकविण्यासाठी नवी भाषा घडविण्याची वाट पाहावी लागत नाही, एवढे बळ या करारात आहे. मात्र दारे धरणाऱ्याने पाण्याची पाळी पुढच्या शेताचीही आहे, हे विसरता कामा नये.